कसणे आणि राखणे
(परसातील कोंबड्या व भाजीपाला यांवरून एक कौटुंबिक पाठ)

शास्त्रवाचन : उत्पत्ती २:१५, उत्पत्ती ४:९, अनुवाद २२:६-७, नीतिसूत्रे २७:२३-२७, मत्तय २३:३७

पाठाचा हेतू : घरच्या लहानशा कामातही वाढवणे आणि राखणे अशी दोन अंगे असतात, हे समजून घेणे, आणि टाळता येण्यासारख्या हानीला आपण कोणते नाव देतो, याचा विचार करणे.



देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले तेव्हा त्याच्या हाती दोन कामे दिली, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. एक, बाग कसणे. दुसरे, तिची राखण करणे. पहिल्या कामाला हुरूप लागतो आणि तो पहिल्या पावसाबरोबर आपोआप येतो. दुसऱ्याला रोजची सकाळ आणि रोजची संध्याकाळ द्यावी लागते. म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळांची परसबाग आषाढात हिरवीगार असते आणि कार्तिकात ओसाड. कोंबड्या नाताळाला पंधरा असतात आणि इस्टरला दोन. बी वाईट नव्हते, कोंबडीही वाईट नव्हती. राखण कमी पडली.

नमुन्यादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू या. बेळगाव-खानापूर भागातले एक खेडे. घरधनी हंगामात दुसऱ्याच्या शेतावर आणि एरवी गवंड्याच्या हाताखाली कामाला जातो. घरात त्याची बायको, म्हातारी आई आणि शाळेत जाणारी दोन मुले. घरामागे दीड गुंठ्याचे परडे, आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. असे कुटुंब आपल्या प्रत्येक मंडळीत सापडेल. त्यांचे एक वर्ष आपण ऋतूंप्रमाणे पाहू. पाऊस गोवा व बेळगावकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, इंदूर-वडोदऱ्याकडे जूनच्या मध्यास किंवा त्यानंतर, आणि ग्वाल्हेरला महिना सरता सरता. तेव्हा पुढील महिने वाचकांनी आपापल्या गावाच्या हवामानाप्रमाणे मागेपुढे करून घ्यावेत.

१. पावसाळा : कोरडे ठेवण्याचा काळ

मृगाच्या आधीच घरधनीण परडे खणून ठेवते. वर्षभर खड्ड्यात कुजलेले कोंबडखत ती वाफ्यात मिसळते. कोंबड्यांची विष्ठा शेणापेक्षा जोरकस असते. ती ताजी घातली तर कोवळी मुळे करपतात. म्हणून पालापाचोळा व माती यांबरोबर ती दोन-तीन महिने कुजू द्यावी लागते. पहिल्या पावसावर कुंपणाच्या कडेने दोडका, कारले, पडवळ आणि काकडी यांची आळी होतात. उंचवट्यावर मिरची व वांग्याची रोपे लागतात, न्हाणीच्या पाण्याशी अळू आणि केळ. त्या भागात रताळ्यांचे वेल लावण्याचाही हाच काळ. रताळी दिवाळीच्या पुढे निघतात.

पहिला तंटा इथेच उभा राहतो. कोंबडीचे मूळ रानकोंबड्यात आहे. माती उकरणे, अंधाऱ्या कोपऱ्यात अंडी घालणे आणि रात्री उंचावर बसणे, हा तिचा रानातला स्वभाव आजही गेलेला नाही. नव्या वाफ्यात ती शिरली की तासाभरात पेरणी संपली! तिला दगड मारून उपयोग नाही. तिने कोंबडीसारखे वागावे हे योग्यच आहे. वाफ्यांना काट्याकुट्यांचे किंवा कामट्यांचे कुंपण घालणे हे आपले काम. पुढे भाजी निघाली की त्याच वाफ्यात तिला खुशाल सोडावे. ती किडे व कोष वेचून खाते आणि खतही देते. तिचा जो स्वभाव जूनमध्ये नुकसान करतो तोच जानेवारीत उपयोगी पडतो. काय ते फक्त वेळेचे.

खुराड्यात पावसाळ्याचा खरा वैरी म्हणजे ओल. भिजलेल्या तुसावर पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि ती भराभर मरतात. म्हणून खुराड्याची जमीन उंच असावी. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा जाड पसरून तो दर दोन-तीन दिवसांनी हलवावा आणि ओला झालेला भाग काढून टाकावा. आत बसायला आडवी काठी असावी. हे काम आपल्या कुटुंबात घरधन्याकडे आहे. पावसाने काम बंद पडले की तो घरी असतोच!

२. हिवाळा : वाढीचा काळ

हस्ताचा पाऊस सरला की परड्याचे रूप पालटते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, लाल माठ, घेवडा आणि टोमॅटो यांचा हा हंगाम. ग्वाल्हेर-इंदूरकडे थंडी कडक पडते, तिथे वाटाणा व गाजरही उत्तम येते. एकदम सगळे वाफे पेरण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरावा, म्हणजे मेथी एका आठवड्यात अतोनात आणि पुढच्या आठवड्यात नाहीशी, असे होत नाही. मावा किंवा अळी दिसली तर निंबोळीचा अर्क पुरतो. अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, अर्क गाळून पाणी दहा लिटर करावे, त्यात थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. जे विष शेतावर फवारतात ते घरच्या मेथीवर मारू नये. ती मेथी दोन दिवसांनी आपलीच मुले खाणार आहेत.

पिल्ले काढण्यालाही हाच काळ बरा. सासूबाई खुडूक कोंबडी बरोबर ओळखतात. ती खुराड्यातून उठत नाही, पिसे फुलवते, हात नेला की गुरगुरते. तिच्याखाली ताजी, स्वच्छ अशी दहा-बारा अंडी ठेवतात. सातव्या रात्री प्रत्येक अंडे विजेरीपुढे धरून पाहावे. जिवंत अंड्यात लाल नसांचे जाळे दिसते. स्वच्छ, रिकामे दिसणारे अंडे काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा या जाती देशी कोंबडीपेक्षा अधिक अंडी देतात. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवायला शेवटी गावठी कोंबडीच लागते, हे लक्षात ठेवावे.

पिल्ले निघाली की पहिला महिना फार जपण्याचा. वर घार, खाली मुंगूस आणि मांजर. घारीची सावली पडताच कोंबडी एक विशिष्ट आवाज काढते, सारी पिल्ले तिच्या पंखांखाली धावतात आणि ती स्वतः उघड्यावर राहते. आपल्या प्रभूने यरुशलेमकडे पाहून शोक केला तेव्हा हेच चित्र त्याच्या मनात होते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे केवळ सांगू नये. शक्य असेल तर मुलांना नेऊन परसात प्रत्यक्ष दाखवावे. ज्याने कोंबडीला घारीपुढे उभी राहिलेली पाहिली आहे त्याला ते वचन समजावून सांगावे लागत नाही.

नाताळ जवळ आला की कोंबड्यांना भाव येतो. इथे अनुवादातील एक छोटासा नियम आठवावा. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिल्ले घेण्याची मोकळीक आहे, पण आई आणि पिल्ले दोन्ही घ्यायची नाहीत. आईला सोडून द्यायचे. उपभोग घ्यावा, पण झरा आटवू नये, हा त्याचा अर्थ. आपली घरधनीण नाताळासाठी तरणे कोंबडे विकते. परंतु चांगली बसणारी, पिल्ले सांभाळणारी कोंबडी कितीही भाव आला तरी विकत नाही. बियांचेही तसेच. वेलावरचा पहिला सुरेख दुधी आपण खाऊन टाकतो आणि शेवटचा खुरटा बियाण्याला ठेवतो; मग पुढल्या वर्षी वेल खुरटा का, असे विचारतो! चांगले फळ बियाण्यासाठी राखावे, बी सावलीत वाळवून राखेत घोळून ठेवावे.

३. उन्हाळा : सावली आणि पाणी

फेब्रुवारी संपता संपता विहिरीचे पाणी खाली जाते. मोठ्या बागेचा हट्ट आता धरू नये. भांडी धुतलेल्या पाण्यावर माठाचे दोन वाफे, शेवगा, कढीपत्ता आणि पपई एवढे जगवले तरी पुष्कळ. जानेवारीत खुराड्याशेजारी दुधीचे आळे केले असेल तर एप्रिलपर्यंत त्याचा मांडव खुराड्यावर पसरतो. घराला भाजी मिळते आणि कोंबड्यांना सावली.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, हाच तिचा उकाडा घालवण्याचा मार्ग. उन्हाने तिचे खाणे कमी होते, अंड्याचे कवच पातळ पडते. दुपारी मातीच्या पसरट भांड्यात गार पाणी दोनदा बदलून ठेवणे हे धाकट्या मुलीचे काम. संध्याकाळी कोंबड्या मोजून खुराड्याचे दार लावणे हे थोरल्या मुलाचे. आपल्या कळपाची स्थिती नीट जाणून घ्यावी, असे नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात सांगितले आहे. ते जाणणे मोजण्यापासून सुरू होते. नऊऐवजी आठ भरल्या तर आजच शोधावे लागते, उद्या नाही.

४. मानमोडी : ही देवाची मर्जी आहे काय?

आता पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ.

हवा बदलू लागली, ऊन वाढू लागले की गावात एक रोग येतो. कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसते, हिरवट पातळ हगते, घरघरते, मान वाकडी होते, पाय लुळे पडतात. आठवडाभरात आळीच्या आळी रिकामी होते. आपण याला मानमोडी म्हणतो. कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत गावावरून त्याला राणीखेत रोग हे नाव पडले. १९२० च्या दशकात त्याची भारतात नोंद झाली. एकदा रोग लागला की त्याला औषध नाही. परंतु लागण्यापूर्वी देण्याची लस आहे, आणि ती कित्येक दशकांपासून आहे.

तरीही घरधनीण रिकाम्या खुराड्यापुढे उभी राहून म्हणते, "देवाची मर्जी." तिच्या दुःखाला हसू नये. तिचे वर्षाचे वह्या-पुस्तकांचे, औषधपाण्याचे आणि पाहुण्यारावळ्यांचे पैसे त्या आठवड्यात मातीत गेलेले असतात. अशा वेळी तिला दोष देणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीत जाऊन बसणे होय. परंतु दुःख ओसरल्यावर मंडळीने आपणा सर्वांनाच विचारले पाहिजे : जी हानी टाळण्याचे साधन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे, तिच्यावर देवाचे नाव घालण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? राखण करण्याचे काम त्याने आपल्याला दिले. ते न करता त्याचा परिणाम त्याच्या माथी मारणे ही भक्ती नव्हे.

मग लस का टोचली जात नाही? केवळ आळसामुळे नव्हे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांना पुरेल एवढी असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की दोनएक तासांत संपवावी लागते. ज्या बाईच्या घरी नऊ कोंबड्या आहेत तिने एकटीने काय करावे? तिला एकटीला ते खरोखरच जमत नाही.

येथे उत्पत्तीतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बागेची राखण करावी असे जिथे म्हटले आहे तिथे मूळ इब्री भाषेत जो धातू आहे, तोच चौथ्या अध्यायात काइनाच्या तोंडी येतो. आपल्या भावाचा राखणदार मी आहे काय, असे तो देवालाच उलट विचारतो. बागेची राखण आणि भावाची राखण यांना एकच शब्द! आपल्या नऊ कोंबड्या राखायच्या असतील तर शेजारणीच्याही राखाव्या लागतात, हे मानमोडीने आपल्याला नव्याने शिकवले आहे.

तेव्हा हे करावे. फेब्रुवारीत, ऊन तापण्यापूर्वी, आळीतील दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. एकाने दवाखान्यात आधी चौकशी करावी, दुसऱ्याने थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डोळ्यात एक थेंब देतात. सहा ते आठ आठवड्यांची झाली की टोचतात. पुढे केव्हा टोचावे हे डॉक्टरांना विचारावे आणि टोचण्याचे काम शिकलेल्या माणसाकडेच द्यावे. कोंबड्या पहाटे खुराड्यातून सोडण्यापूर्वी सहज हाती लागतात. लस निरोगी कोंबड्यांनाच द्यावी आणि तिचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात हे ध्यानात ठेवावे. मंडळीतील तरुण संघाने हे अंगावर घ्यावे; पण केवळ उपासनेला येणाऱ्यांच्याच घरी जाऊन थांबू नये. रोग कोणाच्या दारी जाताना त्याचा धर्म विचारीत नाही, आपणही विचारू नये.

असे काम मिशनच्या इतिहासात नवे नाही. इलाहाबादची कृषी संस्था सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्याने १९१० साली सुरू केली, आणि उत्तर प्रदेशातील एटा येथे प्रेस्बिटेरियन मिशनने खेड्यातील गरीब कुटुंबांसाठी कोंबडीपालनाचे काम चालवले. कोंबडी हा सुवार्तेच्या सेवकाने लक्ष घालण्याजोगा विषय नाही, असे त्या लोकांना वाटले नाही.

आणखी एक कठीण गोष्ट. कोंबडी सुस्त दिसू लागली की ती मरण्यापूर्वी बाजारात नेऊन विकून टाकण्याचा मोह होतो. "निदान चार पैसे तरी येतील," असे आपण म्हणतो. परंतु त्या चार पैशांबरोबर आपण रोगही विकतो, आणि तो विकत घेणारी बहुधा आपल्यासारखीच एक गरीब बाई असते. आजारी कोंबडी वेगळी ठेवावी. मेलेली ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर लपवू नये, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. असा रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून मेलेली कोंबडी उघड्या हाताने हाताळू नये, आणि खाऊ तर मुळीच नये.

५. अंडे कोणाचे?

शेवटी हिशेब. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते ऐंशी अंडी देते. साठ धरली तर आठ कोंबड्यांची ४८० झाली. तीन कोंबड्या बसवायला ३६ बाजूला ठेवली. दोन्ही मुलांना आठवड्याला प्रत्येकी दोन दिली तर वर्षाला २०८ लागतात. घरधनीण व सासूबाई यांना आठवड्याला एकेक, म्हणजे १०४. तरीही विकायला १३२ उरतात. (घरधन्याने रागावू नये, नाताळचा रस्सा त्याच्यासाठीच आहे.)

पुष्कळ घरांत याच्या अगदी उलट होते. सगळी अंडी बाजारात जातात आणि त्या पैशांतून मुलांच्या हाती बिस्किटाचा पुडा येतो. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. पुड्यात बहुतेक मैदा व साखर. मुलाने अंडे मागितले असता बाप विंचू देईल काय, असे प्रभूने विचारले. आपण विंचू देत नाही हे खरे, पण अंडेही देत नाही!

आणि विकलेल्या अंड्यांचा पैसा? नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील स्त्री स्वतःच्या कमाईतून मळा लावते. त्या पैशांवर तिचा हात आहे. आपल्या घरी पहाटे खुराडे झाडणारी ती, कोंडा-कणी घालणारी ती, खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणारी तिची सासू. मग त्या पैशांचे काय करायचे हे तिला न विचारता ठरत असेल तर त्या घरात राखणीचे कष्ट एकीचे आणि सत्ता दुसऱ्याची, असे होते. एक साधी वही ठेवावी. किती अंडी आली, किती खाल्ली, किती विकली, लस केव्हा टोचली, हे थोरल्या मुलाने तीत लिहावे. पैसे मात्र आईच्या डब्यात राहावेत.

शेजारच्या विधवेच्या दारात एक दोडका, एखादी मेथीची जुडी पोहोचवण्यासाठी मात्र वही काढू नये. शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडावेत असे नियमशास्त्र सांगते. दीड गुंठ्याच्या परड्यालाही कोपरे असतातच.

शिक्षकांसाठी प्रश्न

१. उत्पत्ती २:१५ मधील दोन कामे कोणती? तुमच्या घरी त्यांपैकी कोणते मागे पडते?

२. तुमच्या आळीत गेल्या उन्हाळ्यात कोंबड्या मेल्या काय? कोणी लस टोचली होती?

३. टाळता येण्याजोगी हानी आणि न टाळता येणारी हानी यांची एकेक उदाहरणे द्या. दोन्ही वेळी प्रार्थना सारखीच असावी काय?

४. आजारी कोंबडी विकण्याचा मोह झालेल्या शेजारणीला तुम्ही काय सांगाल, आणि तिचे नुकसान कसे वाटून घ्याल?

५. कृती : पुढील रविवारी वर्गातील प्रत्येक मुलाने आपल्या आळीतील कोंबड्यांची संख्या मोजून आणावी. बेरीज शंभराच्या आसपास गेली की दवाखान्यात जाण्याचा दिवस पाळकांना विचारून त्याच वेळी ठरवावा.